वाचक विचारतात : पावडर, गूळ, शुगर-फ्री... पोरांना नक्की द्यायचं काय?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की लहान मुलांच्या गोड खाण्याबद्दल काही शंका असतील तर कळवा, आणि मग पत्रं आणि व्हॉट्सअॅपचा असा काही ढीग पडला की सगळ्यांना उत्तर देणं या पानांत बसणारच नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत. मी कोल्हापुरात लहान मुलांच्या आहाराचं काम करते, त्यामुळे उत्तरं इथल्या घरांतलं, इथल्या डब्यांतलं बघूनच दिलीत.

प्रश्न (राजारामपुरीतून एक आई) : ताई, मुलगा ६ वर्षांचा आहे, पहिलीत. नुसतं दूध म्हटलं की तोंड वाकडं करतो. चॉकलेटची पावडर दोन मोठे चमचे आणि वर दोन चमचे साखर घातली की मगच पितो, सकाळ संध्याकाळ. डब्यावर व्हिटॅमिन, कॅल्शियम सगळं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, त्या निमित्तानं दूध पोटात जातंय ना, मग घाल की. मिस्टर म्हणतात नुसती साखर आहे ती. कुणाचं ऐकू?

उत्तर : मिस्टरांचं ऐका. सासूबाईंची काळजी पण खरी आहे, तिच्याकडे शेवटी येते.

आधी डबा हातात घ्या आणि पुढची बाजू सोडून द्या, मागची बारीक अक्षरं वाचा. दर १०० ग्रॅमला साखर किती आणि त्यातली वरून घातलेली किती हे तिथं छापलेलं असतं. समजा ३२ ग्रॅम लिहिलंय. तुमचे दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २० ग्रॅम पावडर, त्यातून साडेसहा ग्रॅम साखर गेली, वर तुमची दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, एका कपात झाली साडेसोळा आणि दोन कपांत ३३. आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की दिवसाच्या एकूण कॅलरीतल्या १० टक्क्यांपेक्षा कमी अशा साखरेतून याव्यात आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अजून चांगलं. सहा वर्षांच्या पोराला दिवसाला १४०० च्या आसपास कॅलरी लागतात. त्या हिशोबानं अगदी वरची हद्द ३५ ग्रॅम, आणि चांगली हद्द साडेसतरा, म्हणजे जेमतेम साडेतीन चमचे. तुमच्या मुलाची हद्द दुधातच संपत आली, अजून बिस्किटं, जॅम, सॉस, शाळेतून येताना घेतलेलं काहीतरी हे धरलेलंच नाही.

आणि साखर प्रत्येक वेळी साखर या नावानं लिहिलेली नसते बरं का. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, फ्रुक्टोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ही सगळी गोडीच. घटकांची यादी वजनाच्या क्रमानं लिहायची असते, जे जास्त ते आधी, त्यामुळे गोडी चार नावांत वाटली की एकेक नाव यादीत खाली सरकतं आणि आपल्याला वाटतं यात साखर काही फार नाही. माल्टोडेक्स्ट्रिन तर अजून वेगळं, ते चवीला फार गोड नसतं, साखरेच्या आकड्यात बहुतेक वेळा दिसतही नाही, पण पोटात गेल्यावर रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतं. मला यातली सगळ्यात न पटणारी गोष्ट ही की हे सगळं वर्षानुवर्षं हेल्थ ड्रिंक म्हणून विकलं गेलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की अशी पेयं हेल्थ ड्रिंकच्या यादीत दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाहीये.

आता सासूबाईंचा मुद्दा. पावडर एका दिवसात बंद केलीत तर तो दूधच सोडेल, मग घरात भांडणं. आधी वरची साखर कमी करा, दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा, त्याला सांगायचं नाही काही. ती शून्यावर आली की मग पावडर. दुधात स्वतःची साखर असतेच, लॅक्टोज, जीभ जरा निवली की ती लागायला लागते. आणि समजा नाहीच प्यायला तर दही द्या, ताक द्या, नाचणीची आंबील द्या, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे. दूध प्यायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

प्रश्न (करवीर तालुक्यातून एक आजोबा) : डॉक्टर बाई, आमच्या घरात वडिलांपासनं गुऱ्हाळ हाय. नातू चार वर्षांचा. सून शिकलेली, चांगली हाय, पण पोराला गुळाचा खडा सुद्धा देऊ देत न्हाई, म्हणती गूळ आणि साखर एकच. आम्ही गूळ-शेंगा आणि काकवी-भाकरी खाऊनच थोर झालो की. गूळ कधीपासनं वाईट झाला?

उत्तर : आबा, तुमचं पत्र वाचून जरा थांबले, कारण कोल्हापुरात बसून गुळाबद्दल लिहायचं म्हणजे जबाबदारीच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी, आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, अर्ध्या जिल्ह्याचं घर त्यावर चाललंय. गूळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण सूनबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, आणि ते तुम्हाला सरळ सांगते.

काहिलीत रस आटला की जे राहतं त्यात बहुतांश तीच उसाची साखर असते, तिला सुक्रोज म्हणतात, थोडी फुटलेली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, थोडा ओलावा आणि थोडे क्षार. लोह आहे, पोटॅशियम आहे, साखरेत ते जवळजवळ नसतंच, एवढा फरक खरा. पण एका खड्यातून जे लोह मिळतं त्यानं पोराचं रक्त वाढत नाही, त्याला मेथी, हरभरा, नाचणी, अंडं, मटण हेच लागतं. आणि दाताला, लिव्हरला हे कळत नाही की गोडी ढेपेतून आली की पोत्यातून. म्हणून गूळ, काकवी, मध, हे सगळं मी वर सांगितलेल्या त्या साडेतीन चमच्यांतच धरायचं.

तुम्ही लहानपणी खाल्लात ते वेगळं होतं आबा. शेंगदाण्यासोबत एक खडा, सणाला पोळी, गुऱ्हाळ सुरू असेल त्या तीन-चार महिन्यांत काकवी, आणि दिवसभर रानात पळायचं. तेव्हा घरात बिस्किटाचा पुडा नव्हता, फ्रीजमध्ये बाटली नव्हती. आजचं पोरगं गूळ खातं ते या सगळ्याच्या वर खातं, साखरेच्या जागी नाही. त्यामुळे माझं म्हणणं सूनबाईंना असं दाखवा की बाकीचं बंद असेल त्या दिवशी शेंगदाण्याबरोबर सुपारीएवढा खडा नातवाला चालेल, आणि खाऊन झालं की चूळ भरायची. मला नाही वाटत त्या नाही म्हणतील.

अजून एक, तुम्ही गुऱ्हाळवाले म्हणून तुम्हालाच विचारते. पिवळाधमक गुळाला भाव जास्त मिळतो म्हणून काही ठिकाणी हायड्रोस, म्हणजे रंग उजळवायची रासायनिक पावडर, जास्त टाकतात, काही ठिकाणी काहिलीत साखरच ओततात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. भेंडीच्या रसानं मळी काढलेला, रंगानं जरा काळसर गूळ असेल तर घरातल्या पोरांसाठी तोच ठेवा. आणि गिऱ्हाइकाला पण सांगा की रंग बघून गूळ घेऊ नका. हे तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतील, माझं ऐकणार नाहीत.

प्रश्न (इचलकरंजीतून एक आई) : मुलगी ११ वर्षांची, वजन ५८ किलो. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून मी तिच्या चहात शुगर-फ्रीच्या गोळ्या घालते, कोल्ड्रिंक पण डाएटवालं आणते. तरी वजन तेवढंच. आणि एक वेगळंच, तिची मान मागून काळी पडलीय, रोज घासते, दगडानं पण घासून बघितलं, मळ निघतच नाही.

उत्तर : ताई, आधी मान घासणं बंद करा, आजपासून. तो मळ नाहीये. वजन जास्त असलेल्या मुलांत मानेवर, काखेत अशी काळी, जाडसर, मखमलीसारखी कातडी होते तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की शरीरात इन्सुलिन भरपूर बनतंय पण त्याचं काम नीट होत नाहीये. ही पुढच्या डायबेटीसची आधीच मिळालेली सूचना आहे आणि वेळेत मिळालीय हे चांगलंच झालं. तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेऊन उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), लिव्हरची आणि चरबीची तपासणी करून घ्या. आणि कृपा करून तिला अंघोळ नीट करत नाहीस म्हणून बोलू नका, माझ्याकडे अशा मुली येतात ज्या उन्हाळ्यात सुद्धा गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसतात. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर जे पोषणाचं सर्वेक्षण झालं त्यात १० ते १९ वयाच्या मुलांत साधारण १० टक्के डायबेटीसच्या उंबरठ्यावर निघाली, म्हणजे तुमची लेक एकटी नाही.

आता गोळ्या. वजन आटोक्यात ठेवायला बिनसाखरेची गोडी वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, आधीपासून डायबेटीस असलेले सोडून सगळ्यांना, त्यात मुलंही आली. कारण बरीच वर्षं पाहिलं तर त्यानं चरबी कमी होत नाही. त्याच वर्षी जुलैत अस्पार्टेमवरून, म्हणजे अशा बिनसाखरेच्या गोड्यांतल्याच एकीवरून, कॅन्सर कॅन्सर म्हणून मेसेज फिरले, तर त्याचं खरं एवढंच की ते शक्यता आहे पण पुरावा अपुरा आहे अशा गटात टाकलंय, आणि रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवलीय. त्यामुळे आजवर दिलेल्या गोळ्यांनी काही झालं असेल म्हणून रात्रभर जागू नका. माझा आक्षेप दुसराच आहे. अस्पार्टेम साखरेच्या २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट. या गोडीवर वाढलेल्या जिभेला पेरू गोड लागत नाही, गाजर गोड लागत नाही, साधं पाणी तर नकोच वाटतं. साखर गेली पण गोडाची सवय तशीच राहिली, आणि बाहेर गेलं की ती सवय खरी साखर मागते. पाकिटावर ९५०, ९५१, ९५४, ९५५ असे आकडे दिसले तर त्या याच गोड्या. आणि 'साखर नाही' असं लिहिलेल्या चॉकलेटात, बिस्किटांत माल्टिटॉल नाहीतर सॉर्बिटॉल असतं, त्यानं पोट फुगतं, जुलाब होतात, आणि आपण म्हणतो बाहेरचं बाधलं.

मग करायचं काय, तर पिण्यातली गोडी आधी काढा, खाण्यातली नंतर बघू. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये २६ ग्रॅमच्या आसपास साखर, उसाच्या रसाच्या तेवढ्याच ग्लासात ३० च्या पुढे, पॅकबंद ज्यूस सुद्धा त्याच माळेतला. प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्यासारखं वाटत नाही, ती जेवणाच्या वर जाते, आणि त्यातला फ्रुक्टोज बहुतेक सगळा लिव्हरलाच निस्तरावा लागतो, जास्त झाला की तिथंच चरबी करून ठेवतो. अमेरिकेत लठ्ठ मुलांवर एक प्रयोग झालाय, कॅलरी तेवढ्याच ठेवल्या, फक्त वरची साखर काढून त्या जागी पिष्टमय पदार्थ दिले, आणि ९ दिवसांत लिव्हरमधली चरबी घटली. नऊ दिवस! म्हणून म्हणते, आशा सोडू नका. ११ व्या वर्षी चहाची पण गरज नाही, पण एकदम बंद होत नसेल तर अर्धा कप, अर्धा चमचा खरी साखर, तो कमी करत न्यायचा. आणि हे घरात सगळ्यांनी करायचं, तिच्या एकटीच्या ताटात नाही. भाऊ समोर बसून बाटली पितोय आणि हिला ताक, असं केलंत तर ती लपून खाईल.

प्रश्न (कागलहून एक मावशी) : बहिणीच्या बाळाला सव्वा महिना झाला. घरातले रोज बोटानं मध चाटवतात, गुटीत पण मध घालतात. चालतं ना?

उत्तर : नाही. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटण नाही, गुटीत नाही, शुद्ध असला, जंगलातला असला, घरच्या पोळ्याचा असला तरी नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट ते निभावतं, तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ ढिलं पडतं, चोखायचं बंद करतं, श्वास अडकू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. हे आजच बहिणीला दाखवा. आजवर दिला असेल आणि बाळ नीट पीत असेल, रडत असेल, शी होत असेल तर घाबरून जाऊ नका, फक्त इथून पुढं बंद. यातलं काही बिघडलेलं वाटलं तर मात्र लगेच दवाखाना.

सहा महिने फक्त आईचं दूध, आणि नंतर वरचं सुरू केलं तरी दोन वर्षांपर्यंत साखर, गूळ, काकवी वरून काही घालायचं नाही. भातात, नाचणीच्या सत्त्वात गोड नसेल तर बाळ खाणार नाही ही आपली समजूत आहे, त्याला गोडाची अपेक्षाच नसते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर १९५३ पर्यंत साखर रेशनवर होती, तेव्हा पोटात असल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत कमी साखरेत वाढलेल्यांना पुढे मोठेपणी डायबेटीस साधारण ३५ टक्क्यांनी कमी झाला असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पहिल्या दोन वर्षांचं एवढं लांबवर चालतं.

प्रश्न (कसबा बावड्यातून एक आजी) : नात तीन वर्षांची, पुढचे वरचे चार दात काळे होऊन झिजलेत. दुधाचेच दात आहेत, पडणारच, मग दाखवायची काय गरज?

उत्तर : गरज आहे आजी. पुढचे दात ती सहा ते आठ वर्षांची होईल तेव्हा पडतील, पण दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत राहतात आणि कीड पुढून मागं जाते. ठणका लागला की पोरगी जेवत नाही, झोपत नाही. मला वाटतंय ती रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपत असणार, वरचे पुढचे दात असे जातात त्याचं हेच नेहमीचं कारण. झोपेत लाळ कमी असते, गोड दातावर तसंच राहतं, तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि दात विरघळतो. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं, कारण प्रत्येक वेळी लाळेला सगळं पूर्ववत करायला निदान अर्धा तास जातो. बाटली सोडवा, रात्री हवीच असेल तर नुसतं पाणी, आणि फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन रात्री तुम्ही स्वतः दात घासून द्या, तिच्यावर सोडू नका.

प्रश्न (गडहिंग्लजहून एक शिक्षिका) : वर्गात वाढदिवसाची चॉकलेटं वाटली की पोरं अक्षरशः नाचतात. साखर चढते असं पालक म्हणतात, खरं का?

उत्तर : बाई, यावर भरपूर प्रयोग झालेत, मुलांना आणि आईबापांना न सांगता कुणाला साखर कुणाला बिनसाखरेचं देऊन बघितलं, १९९५ मध्ये ते सगळे एकत्र तपासले तर साखरेनं वागण्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. वाढदिवस असतो, तास बुडतो, म्हणून नाचतात! रंगांचं मात्र वेगळं आहे, २००७ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणानं काही मुलांची चुळबुळ वाढलेली दिसली आणि युरोपात असे रंग असलेल्या पाकिटांवर आता इशारा छापावा लागतो. तुमच्या हातात असेल तर वाढदिवसाला पेन्सिल, खोडरबर नाहीतर शेंगदाण्याची पुडी असा नियम करा, बरेच पालक मनातून सुटले म्हणतील.

प्रश्न (जयसिंगपूरहून एक आई) : माझ्या ७ वर्षांच्या मुलाला डायबेटीस निघाला, इन्सुलिन सुरू आहे. नातेवाईक तोंडावर म्हणतात, लाड करून चॉकलेटं चारलीस म्हणून झालं. झोप लागत नाही.

उत्तर : तुमच्यामुळे झालेलं नाही. या वयात जो होतो तो बहुतेक टाइप वन असतो, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, चॉकलेटानं होत नाही, लाडानं होत नाही, आणि कुठलीही आई तो थांबवू शकली नसती. हे उत्तर कापून त्या नातेवाइकांना द्या, माझं म्हणून द्या.

बाकी वाचकांनी एवढं लक्षात ठेवा की मूल अचानक सारखं पाणी मागायला लागलं, सारखी लघवी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू, खाऊनही वजन उतरतंय, तर त्याच दिवशी साखर तपासा, उद्यावर टाकू नका. आणि तुम्ही ताई, मुलाच्या दप्तरात ग्लुकोज पावडर आणि एक चिठ्ठी कायम ठेवा. साखर खाली गेली, घाम सुटला, हात थरथरायला लागले तर त्याला तेव्हा साखर लगेच लागते, ती औषधच असते, आणि वर्गात ती खायला बाईंची परवानगी मागत बसायला लागू नये हे शाळेला आधीच लिहून द्या.

प्रश्न (मंगळवार पेठेतून एक वडील) : घरात आम्ही सगळं बंद केलं, पण शाळेच्या दारातच गारेगार, रंगीत गोळ्या, कोल्ड्रिंक. सुटल्यावर पोरं तिथंच. आम्ही काय करायचं?

उत्तर : तुमच्या बाजूनं नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलेत, कशात किती साखर ते मुलांना दिसेल असे, आपल्या बोर्डाच्या शाळेनं ते स्वतःहून केलं तर कुणी अडवत नाही. एकट्यानं जाऊन त्या गाडीवाल्याशी भांडू नका, त्याचं पण पोट आहे. पालक सभेत चार-पाच जणांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्या, शाळेनं त्याला सांगावं की कणसं ठेव, उकडलेल्या शेंगा ठेव, पेरू-काकडी ठेव, आम्ही तेच घ्यायला पोरांना सांगतो. ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसात अर्ज. आणि शाळा सुटताना पोरं भुकेली असतात हे विसरू नका, न्यायला जाल तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली आणि चटणी-चपातीचा एक रोल नाहीतर दोन केळी असू द्या, बारकी पोरं निम्म्या वेळा भुकेपोटीच त्या गाडीपाशी थांबतात.